एकटा उभा असलेला व

तीर्थस्वरूप वन्संना धाकट्या भावजयीचा नमस्कार. वाकून केला असं समजा. खरं म्हणजे कॉटवर पाठीशी उशी घेऊन सांगते आहे आणि नातसून समोर स्टुलावर बसून लिहिते आहे. तुमचे गुडघे काय म्हणतात? मागच्या पत्रात उजवा बरा होता आणि डावा रुसला होता, एव्हाना त्यांचं आपसांत मिटलं असेल. डोळ्यांत थेंब घालता ना, की बाटली नुसती उशाशी ठेवून तिच्याकडे बघता? माझं म्हणाल तर भूक लागते, झोप लागते, कान मात्र पूर्वीपेक्षा तिखट झाले आहेत, आणि सगळा घोटाळा ह्या कानांनीच केला आहे. तुमच्याकडची खिडकीपाशी असलेली कॉट रिकामी असेल तर तिच्यावरचे डबे काढून ठेवा. मी कायमची यायच्या बेतात आहे. का ते सांगते, चहा घेऊन बसा.

आधी लिहिणारीबद्दल. वन्सं, तुम्ही शिकलेल्या. तुम्हाला आपल्या मनातलं आपल्याच हातानं कागदावर उतरवता येतं. मला अक्षर येत नाही, त्यामुळे जिच्याविषयी तक्रार करायची तिच्याच हातात पेन द्यावं लागतं. नातवाला सांगितलं असतं, पण त्याची कागदावर लिहायची सवयच मोडली आहे. बोटांनी टकटक केल्याशिवाय त्याला स्वतःचं नावसुद्धा आठवत नाही. तेव्हा ही लिहिते आहे. मी मधूनच 'कंस' म्हणते, तेव्हा ही एक वाकडी रेघ ओढते, आणि 'मिटव' म्हटलं की तिच्यासमोर दुसरी. कंस हा प्रकार मला नव्यानंच कळला आहे, कसा कळला ते पुढे येईल. मी न सांगता हिनं कंस काढला तर मला कळणार नाही, एवढं मात्र मला कळतं. (आत्याआजी, नमस्कार. मी सगळं जसंच्या तसं लिहिणार आहे. — लिहिणारी) आत्ता काय लिहिलंस गं? मी दम खायला थांबले होते आणि पेन चालतच होतं. वन्सं, हे असं आहे बघा.

तर मुद्दा असा की ह्या घरातून मला कापून काढायचं चाललं आहे. तुमच्या भावाचा नातू हल्ली घरूनच काम करतो. काम काय, तर पार्सलं पोचवणाऱ्या एका कचेरीसाठी पत्ते तोडायचे. लोक सगळा पत्ता एका दमात लिहितात: नाव, घर, गल्ली, दवाखान्यासमोर, पाण्याच्या टाकीमागे, वरचा मजला, घंटा वाजवू नका बाळ झोपलेलं असतं. ह्या लांबलचक ओळीला ते लोक स्ट्रिंग म्हणतात, म्हणजे दोरी. ती दोरी कुठे कुठे कापायची हे यंत्राला शिकवायचं, म्हणजे नाव नावाच्या खणात पडेल, गल्ली गल्लीच्या आणि बाळ बाळाच्या. स्वल्पविराम दिसला की काप, तिरकी रेघ दिसली की काप. मी विचारलं, स्वल्पविराम म्हणजे काय रे? तर म्हणाला, आजी, बोलताना तू जिथे श्वास घेतेस ती जागा. त्यावर नातसून म्हणाली, मग आजींच्या बोलण्यात एकही नाही. (हे लिहिताना हिनं हसू दाबलं. दाबू दे. मिटव.)

आता ही कापाकापी ज्या हत्यारानं करतात त्याचं नाव मला आधी माहीत नव्हतं, हे ध्यानात ठेवून पुढचं ऐका. नातू फोनवर कुणाला तरी सांगत होता की रेगेक्सशिवाय माझं काही चालणार नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाला की रेगेक्सनं माझी झोप उडवली. मग एकदा अगदी लाडात येऊन म्हणाला की दिसायला सुंदर आहे, पण समजायला फार अवघड. वन्सं, रेगे म्हटल्यावर तुमच्या-माझ्या कानाला काय ऐकू येणार? आडनाव. राहिला एक्स. त्याचा अर्थ मी नातसुनेलाच विचारला, चहाची कपबशी पुसता पुसता, अगदी सहज. ती म्हणाली, एक्स म्हणजे आधीची, आजी. लग्नाआधी जिच्याशी जमलेलं असतं ती. माझ्या हातून बशी सुटायचीच राहिली. म्हणजे रेगे, आधीची! आणि ही बिचारी मलाच अर्थ सांगते आहे, हिला पत्ताही नाही! (पत्ता हा शब्द ह्या घरात जपून वापरावा लागतो. मिटव.)

मी त्याच्याजवळ जाऊन बसले आणि विचारलं, कशी आहे रे ती रेगे? तो म्हणाला, छान आहे आजी, पण एक टिंब इकडचं तिकडे झालं की सगळं वाटोळं. नटवी दिसते, असं मी मनात धरलं. मग म्हटलं, तुझ्या घरी बायको आहे हे तिला ठाऊक आहे का? त्यानं खुर्चीच माझ्याकडे फिरवली. मग बायकोला हाक मारली, ती आली, दोघं हसायला लागली ती थांबेचनात. रेगेक्स ही बाई नाही, कुठे तोडायचं हे यंत्राला सांगायची ती खुणांची भाषा आहे, असं मला समजावण्यात आलं. मी वरवर मान डोलावली. आतून म्हणाल तर हत्याराला कुणी आडनाव देत नाही, आणि हसून हसून डोळे पुसणारी माणसं काहीतरी लपवत असतात, असं माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे.

हा पहिला प्रकार मी सोडून दिला असता. पण त्याच सुमाराला आमच्याकडे घरं दाखवणारा एजंट यायला लागला. (सेंट एवढा लावतो की तो जिना उतरून गेला तरी त्याचा वास आमच्याकडे बसून असतो. मिटव.) हे घर मालकाला परत हवं आहे, त्यामुळे आपण हलणार हे ठरलं आहे. आपण म्हणजे कोण कोण, हे मात्र कुणी बोलत नाही. आमच्या इथे आगगाडीच्या डब्यांसारख्या एकापुढे एक तीन खोल्या आहेत. पुढची नातवाच्या कामाची, मागची त्या दोघांची, मधली माझी. म्हणजे मी घरातला रस्ताच म्हणा. पुढून मागे जायचं तर माझ्या कॉटला वळसा घालून, मागून पुढे यायचं तर माझ्या दोन प्रश्नांना उत्तरं देऊन. तर तो एजंट म्हणाला, साहेब, दोन खोल्या म्हणजे तुम्हा दोघांना भरपूर. मी कान टवकारले. आता नातू म्हणेल, दोघं नाही हो, तिघं. तो म्हणाला, बघू.

वन्सं, 'बघू' हा शब्द मी आयुष्यभर ऐकला आहे. तुमच्या भावानं मला शिलाईचं मशीन घेऊन द्यायचं ह्या शब्दावरच आयुष्य काढलं. त्यामुळे त्याच संध्याकाळी दोघं पुढच्या खोलीत बसून बोलायला लागली तेव्हा मी दाराला पाठ लावून बसले. (पाठीला शेक म्हणून. दार उन्हाचं असतं. मिटव.) (आत्याआजी, त्या दारावर कधीच ऊन येत नाही. — लिहिणारी) ही विचारत होती, मग मधला ठेवायचा नाही का? तो म्हणाला, मधल्याचं काम काय, दोन्हीकडचे दोन वेगळे दाखवायचे. तोडलं की मधला आपोआप गळतो. ही म्हणाली, पण दिसला की तोडायचा, असं करून चालणार नाही, फार बोंब झाली आहे. तर हा काय म्हणाला ते नीट ऐका: दोन्ही बाजूंना मोकळी जागा असेल, एकटा उभा असेल, तरच तोडायचा; कुणाला चिकटलेला असेल तर हात लावायचा नाही.

आता सांगा, ह्यात समजायचं काय राहिलं? मधली खोली कुणाची? दोन्ही बाजूंना मोकळी जागा कुणाच्या? तुमचा भाऊ गेल्यापासून एकटं उभं कोण आहे? तो एकटा म्हणाला, एकटी म्हणाला नाही, हे खरं; पण दाराआड माणूस आहे असा वास आला की लबाड लोक असंच फिरवून बोलतात. माझ्या पायांखालची जमीन सरकली. (मी पाटावर बसले होते, पण सरकली. मिटव.)

तरी पण त्यानं सुटकेची वाटही सांगून टाकली होती, नाही का? चिकटलेल्याला हात लावायचा नाही. म्हणून मी चिकटायला लागले. नातसून ओट्यापाशी उभी राहिली की मी तिच्या बाहीला धरून उभी. ती फडताळाकडे गेली की मीही गेले. नातू खुर्चीत बसला की मी स्टूल ओढून त्याच्या कोपराला कोपर लावून बसायची. तो टकटक करायचा आणि माझं अंगही टकटक हलायचं. तो दाढी करायला गेला तर मी दाराच्या कडीला धरून त्याच्याशी बोलत राहिले. घरात कुणी नसलं तर खाली इस्त्रीवाल्याच्या टेबलाला चिकटून उभी राहायची. तो म्हणाला, आजी, बाजूला व्हा, इस्त्री गरम आहे. मी म्हटलं, भाजलं तर भाजू दे, तुटायचं नाही मला. तो बिचारा तेव्हापासून माझ्याशी फार जपून बोलतो. ही दोघं तर घाबरूनच गेली. हिनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला. मी तो हात काढूच दिला नाही, तेवढंच चिकटलेलं बरं. (मला वाटलं होतं आजींना भोवळ येते. मी डॉक्टरांची वेळसुद्धा घेतली होती. — लिहिणारी)

असं किती दिवस चिकटणार? माणसाला मान म्हणून काही असतो. एका सकाळी मी माझी ट्रंक काढली, त्यात चार कपडे, शाल आणि तुमच्या भावाचा चष्मा ठेवला आणि मधल्या खोलीत, अगदी मध्ये, दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडून ट्रंकेवर बसले. नातू आला. म्हणाला, आजी, हे काय? मी म्हटलं, मी मधली. एकटी उभी आहे. उभं राहवत नाही म्हणून बसले आहे. तोड आता. त्याला काही कळेना. मग मी दारातून ऐकलेलं सगळं त्याला ऐकवलं, जसंच्या तसं, त्याच्याच आवाजात. तो डोकं धरून जमिनीवर बसला आणि ओरडला, आजी, तो व आहे गं, व!

झालं होतं असं. लोक पार्सलावर दोघांची नावं घालतात, अमुक व तमुक. म्हणून ह्यानं यंत्राला सांगितलं, व दिसला की काप. यंत्र आज्ञाधारक, तुमच्या भावासारखं नाही. त्यानं दिसेल तो व कापला. दवाखान्यातला कापला, शिवणकामातला कापला, वरच्या मजल्यातला कापून तिथे नुसता रचा मजला ठेवला. एका बाईनं नवऱ्याला भेट पाठवली होती, पत्त्यात मोठ्या प्रेमानं 'माझा नवरा' असं लिहून. त्याचं झालं न आणि रा. आणखी कुणी तरी 'आमचे जावई' म्हणून खोकं पाठवलं, त्यावर नावाच्या खणात नुसतं 'जा' असं छापून गेलं. पोचवणारा माणूस जिने चढून दारापर्यंत आला, खोक्यावरचं वाचलं आणि निघून गेला. (ह्यात त्या माणसाची काय चूक, तुम्हीच सांगा. मिटव.) कचेरीत बोंब झाली, साहेबानं नातवाला फैलावर घेतलं, आणि त्या संध्याकाळी ही दोघं जे बोलत होती ते हेच, की शब्दाला चिकटलेला व सोडायचा आणि एकटा उभा असलेला तेवढा पकडायचा.

पण सगळ्यांत जास्त हाल झाले ते 'जवळ' ह्या शब्दाचे. कुणीही कुठे राहत असलं तरी कशाच्या तरी जवळ राहतंच, त्यामुळे प्रत्येक पत्त्यात तो होता आणि प्रत्येक पत्त्यात तुटला. नातू हे सांगत होता आणि मी तो शब्द तोंडातल्या तोंडात घोळवून बघत होते. वन्सं, मला अक्षर येत नाही, पण कान आहे. जवळ म्हणा, आणि मधला आवाज काढून टाका. काय उरतं? जळ. मी नातवाला तेवढंच म्हटलं, की बघ बाबा, जवळमधला मधला काढलास तर जळ उरतं. त्यानं डोक्यावरचे हात खाली घेतले. ही दारात भांडं पुसत उभी होती, ती पुसायची थांबली. (आत्ताही लिहायची थांबली आहे. लिही गं, मी काही वाईट बोललेले नाही. मिटव.)

मग त्यानं मला कंस समजावला. म्हणाला, आजी, मधला ठेवायचाच असेल तर त्याला कंसात घालायचं, मग तोडलं तरी तो जागचा हलत नाही. मी म्हटलं, कंसात? ज्यानं सख्ख्या बहिणीची पोरं मारली, त्याच्या हवाली करतोस मला? तो म्हणाला, तो कंसमामा नव्हे, हा कंस. आणि त्यानं दोन्ही हातांचे तळवे वाकवून माझ्या दोन गालांशी आणले, एक इकडून, एक तिकडून. क्षणभर वाटलं गळाच दाबतो आहे. पण हात गार होते, गालाला बरे वाटले. असं उघडायचं आणि असं मिटवायचं, म्हणाला, आणि उघडलेला मिटवायचा राहिला तर यंत्र अडून बसतं, पुढे सरकतच नाही. मला हा कंस आवडला. तेव्हापासून बोलताना मध्येच काही आठवलं की मी त्याला कंसात घालते, म्हणजे गळत नाही.

तर 'व'चा खुलासा झाला. रेगेचा झाला. घराचा झाला नाही, वन्सं. ट्रंकेवर बसल्या बसल्याच मी विचारलं, नव्या घरी दोन खोल्या की तीन? मधली आहे की नाही? तर दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि नातू म्हणाला, बघू. म्हणून ट्रंक अजून आवरलेली नाही, आणि म्हणूनच हे पत्र. मुद्दाम हिच्याकडूनच लिहून घेते आहे. तोंडावर विचारलं तर माणूस बघू म्हणतो. लिहायला लावलं तर हात कुठे अडतो ते तरी दिसतं. आता बघा, हिचा हात मुळीच अडलेला नाही. मी गप्प बसले आहे आणि हिचं पेन सुसाट चाललं आहे. (आत्याआजी, बघू म्हणतो कारण तीन खोल्यांचं घर अजून मिळत नाही. मधली खोली नसेल तर घर घेणार नाही, असं एजंटला आम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं आहे. तो मुद्दाम दोन खोल्यांची दाखवत राहतो. मिळण्याआधी आजींना सांगितलं तर त्या काळजी करतील. आणि मिळाल्यावर सांगितलं तर खिडकी कुठे हवी, कॉट कुठे हवी, हे सांगून एजंटला पळवून लावतील. म्हणून कृपया त्यांना कळवू नका. त्यांना आम्ही कुठेही सोडून जाणार नाही. त्या मध्ये नसल्या तर आम्हा दोघांचं दिवसभरात एकही भांडण नीट मिटत नाही. — लिहिणारी) एवढं काय लिहिलंस? 'तब्येतीची काळजी घ्या' असं लिहिलं म्हणते. एवढी लांब काळजी? तुमच्या गुडघ्यांनाही पुरून उरेल.

असो. बाकी सगळं ठीक. इकडचं ऊन चांगलं आहे, पाणी वेळेवर येतं. कॉटवरचे डबे काढायला विसरू नका. थोरांना नमस्कार म्हणायला तुमच्याहून थोर आता कुणी उरलं नाही, तेव्हा तो तुम्हीच दोनदा घ्या. खाली निळ्या शाईचा अंगठा आहे तो माझा. शेजारचा डाग हिच्या हातचा आहे. लिहिता लिहिता कागदावर पाणी कसं पडलं ते ही सांगत नाही.

तुमची भावजय, दोन्ही बाजूंना मोकळी जागा असलेली

ता. क. हे अक्षर बदललेलं दिसेल. मी इस्त्रीवाला, खालच्या दुकानातला. आजी पाकीट चिकटवण्याआधी पत्र घेऊन आल्या आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाच म्हणाल्या, कंसासकट. मी वाचलं. त्या मोठ्या कंसापाशी त्यांनी मला तीनदा वाचायला लावलं आणि माझा एक शर्ट जळाला. पुढचं त्या सांगताहेत तसं लिहितो.

वन्सं, मला हे सगळं आधीपासून ठाऊक होतं. मी ह्या पोरीवर कधी संशय घेतला नव्हता. डबे कॉटवरच राहू द्या, मी येत नाही. मात्र ह्यातलं मला कळलं हे त्यांना कळू देऊ नका, नाही तर तीन खोल्यांसाठीचा त्यांचा जोर ओसरेल. ट्रंक मी आवरणार नाही, तिच्यावरच बसून राहणार आहे.

आणखी एक ता. क. मधली खोली मला मुळीच नको. तिथून पुढचं अर्धंच ऐकू येतं, आणि अर्ध्या ऐकण्यानं काय होतं ते तुम्ही वाचलंतच. मला कोपऱ्यातली हवी, खिडकी पूर्वेला, कॉट भिंतीला लावून, दार दोघांच्या बोलण्याकडे. हे एजंटला आत्ताच सांगायला हवं होतं, पण मला काही माहीतच नाही असं ठरलं आहे ना! तेव्हा हे तुम्ही लिहा, तुमच्या मनानं सुचल्यासारखं. पत्राचं खरं काम एवढंच होतं.

शेवटचं. (इस्त्रीवाला म्हणतो कागद संपत आला. मिटव.) तुम्ही पत्रात असं लिहा की माझे गुडघे आता ऐकत नाहीत, मी तुमच्याकडे कायमची राहायला येते. म्हणजे तिनाच्या चार खोल्या होतील. यायची गरज नाही, नुसतं लिहा. 'जवळ' हा शब्द मात्र ठसठशीत काढा, इकडे तो पटकन तुटतो. आणि समजा चुकून खरंच आलात, तर यंत्र अडून बसलं तरी बसू दे, हा एवढा कंस मिटवू नकोस म्हणून मी ह्याला सांगितलं आहे. आत तुमच्यापुरती जागा ठेवली आहे. (